आधी हवेतलं पाणी बघा, मग टन विचारा

मार्च संपत आला की दुकानात येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "ओ मालक, दहा बाय बाराच्या खोलीला किती टनाचा बसवायचा?" मी उलट विचारतो. खोली वरच्या मजल्यावर आहे का? पश्चिमेला भिंत कुठली येते? आणि एसी मे महिन्यासाठी पाहिजे की जुलैसाठी? शेवटच्या प्रश्नावर माणूस गोंधळतो. पण सोलापुरात सगळं गणित त्या प्रश्नावर फिरतं. मे महिन्यात आपल्याकडची हवा पारा चाळीसच्या वर आणि कोरडी ठाक. जुलैत पारा तीसवर, पण अंगाला चिकचिक. मशीन तेच, काम मात्र दोन्ही महिन्यांत वेगळं.

माझी सुरुवात घरगुती एसीपासून झालेली नाही. आयटीआय करून मी एका सूतगिरणीच्या ह्युमिडिफिकेशन (हवेत ओल घालणाऱ्या) प्लांटवर हेल्पर लागलो. तिथे माणसांना गार वाटावं म्हणून कुणी हवा सोडत नव्हतं, सूत तुटू नये म्हणून सोडत होते. या धंद्याचा उगमही तसाच आहे. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, रंगावर रंग बसायचा नाही, म्हणून विलिस कॅरियरनं हवेतली ओल आवरणारी यंत्रणा आखली. १९०६ च्या सुमारास स्टुअर्ट क्रेमर हा अमेरिकन इंजिनिअर कापड गिरण्यांतल्या हवेत ओल घालायच्या मागे होता. एकाला ओल काढायची होती, दुसऱ्याला घालायची होती. सोलापुरात आजही दोन्ही गिऱ्हाइकं आहेत, एक जुळे सोलापुरात फ्लॅट घेऊन राहतं आणि दुसऱ्याचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं शेड असतं.

मशीन काय करतं

एसी थंडी बनवत नाही. खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. गॅस म्हणजे त्यातला हमाल. आतल्या कॉइलमध्ये तो कमी दाबाखाली उकळतो, साधारण ८ ते १२ अंशांना, आणि उकळताना खोलीची उष्णता पाठीवर घेतो. काँप्रेसर त्याला दाबून तापवतो. बाहेरच्या कॉइलमध्ये, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो ओझं टाकून पुन्हा पातळ होतो. मग बारीक कॅपिलरीतून किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून दाब उतरवून परत आत. एवढंच चक्र. चिल्लर (मोठ्या इमारतींसाठी पाणी गार करणारं मशीन) असो, फ्रिज असो, कोल्ड स्टोरेज असो, हेच.

उष्णता गरमकडून गारकडे आपोआप जाते. म्हणून बाहेर ४२ अंश असतील तर कंडेन्सरला ५५ च्या आसपास तापावंच लागतं, नाहीतर ओझं उतरणार कुठे? बाहेरचं युनिट बाल्कनीत कोंबलं, पुढे जाळी आणि जाळीपुढे सुकत घातलेली चादर, की तीच गरम हवा परत त्याच्या तोंडात जाते. दाब चढतो आणि दुपारी दोन-तीनला काँप्रेसर ओव्हरलोडवर ट्रिप होतो. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे खाली लूम (यंत्रमाग) आणि वर घर, तिथे तर कंडेन्सरवर कापसाची तूस गादीसारखी बसते. अशा घरी मी उन्हाळ्यात महिन्याला एकदा पाण्यानं धुवायला सांगतो. मऊ ब्रश, साधं पाणी, पंख्याच्या उलट बाजूनं. प्रेशर वॉशर जवळून मारला की कॉइलच्या पातळ पट्ट्या (फिन) आडव्या होतात आणि मग हवा जायलाच जागा राहत नाही.

टन हा वजनाचा आकडा वाटतो, पण तो उष्णतेचा दर आहे. २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळायला जितकी उष्णता लागते तितकी. आपल्या हिशेबात १ टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढायची ताकद. वीज त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी लागते. आणि एक बारीक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. पेटीवरची ताकद बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. आपल्या मे महिन्यात त्यातली दहा-पंधरा टक्के गेलीच म्हणून समजा.

दहा बाय बाराचा हिशेब

आता तीच खोली घेऊ. वरचा मजला, पश्चिमेला भिंत, तिला चार बाय चारची खिडकी. स्लॅब ११ चौरस मीटर, उघडा काँक्रीटचा. संध्याकाळी पाच वाजता तो एकटाच सुमारे ८०० वॅट आत ओततो. नऊ इंची विटांची पश्चिमेची भिंत ३५० च्या आसपास. खिडकीवर ऊन थेट येत असेल तर तिचे ६०० वॅट सहज. दोन माणसं बसलेली, प्रत्येकी ११५ ते १२० वॅट, घामासकट. टीव्ही, दिवा, पंखा मिळून दीडशे. फटींतून येणारी गरम हवा दीड-दोनशे. बेरीज सव्वादोन-अडीच किलोवॅट. कागदावर १ टन पुरतो. पण मे महिन्याची घट धरली, दिवसभर तापलेल्या भिंती निववायच्या धरल्या, तर काठावर येतो. म्हणून दुकानदार दीड टनाचा देऊन मोकळा होतो.

मी आधी गच्चीवर जातो. बेरजेत सर्वात मोठा आकडा स्लॅबचा, दुसरा खिडकीचा. स्लॅबला मार्चमध्ये पांढरा चुना किंवा पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग दिला तर त्याचा आकडा जवळपास निम्मा होतो. खिडकीला बाहेरून ताट्टी किंवा छज्जा. आतून पडदा लावून फारसं हाती लागत नाही, कारण ऊन काचेतून आत आलेलं असतं, ते मग आतच मुरतं. एवढं केलं की १ टनाचा एसी त्या खोलीला निवांत पुरतो. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत जाड मातीचं माळवद असायचं, दुपारची झळ त्याखाली पोचेपर्यंत रात्र व्हायची. नव्या स्लॅबला ते जमत नाही, मग निदान चुना तरी.

गरजेपेक्षा मोठा एसी घेतला तर बिघडतं कुठे, असं विचारतात. बिघडतं जुलैत. जुना, फिक्स स्पीडचा मोठा एसी पाच-सात मिनिटांत खोली गार करतो आणि काँप्रेसर थांबतो. हवेतलं पाणी कॉइलवर गोळा व्हायला वेळच मिळत नाही. खोली गार, पण गादी ओलसर, भिंतीला वास. इन्व्हर्टर मशीन वेग कमी करून चालू राहतं, त्यामुळे त्रास कमी होतो, तरी उगाच मोठं घेऊ नये. बीईईनं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं, २०२० पासून स्टार रेटिंगच्या रूम एसीचं सुरुवातीचं तापमान २४ अंश ठरवून दिलंय, ते १८ वर नेण्याचं काहीच कारण नाही. १८ केल्यानं खोली लवकर गार होत नाही, मशीन फक्त उशिरा थांबतं. प्रत्येक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते. २६ वर ठेवा आणि पंखा दोनवर.

कूलर कधी, एसी कधी

एप्रिल-मे मध्ये माझ्या स्वतःच्या घरी कूलरच चालतो. एसी विकणारा माणूस हे सांगतो म्हटल्यावर लोक हसतात. हिशेब सांगतो. थर्मामीटरच्या बल्बला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा घातला की जो पारा दिसतो तो ओला पारा. कोरडा पारा ४० आणि हवेत ओल २० टक्के असेल तर ओला पारा २२ च्या जवळ येतो. कूलर हवेला त्या दिशेनं नेतो, चांगल्या पॅडचा कूलर दोघांतल्या फरकाच्या ८० टक्के. फरक १८ अंश, म्हणजे साडेचौदा अंश उतरून २५-२६ ची हवा मिळते, पंखा आणि छोट्या पंपाच्या विजेत. जुलैत कोरडा पारा ३० आणि ओल ८० टक्के, ओला पारा २७. कूलर फार तर अडीच अंश उतरवेल आणि खोलीत आणखी ओल भरेल. तेव्हा कूलर बंद, एसी चालू.

कूलरसमोरची खिडकी किंवा दार उघडं पाहिजे. बंद खोलीत कूलर लावला की अर्ध्या तासात हवा ओली होते आणि मग तो नुसता पंखा उरतो. आणि एसी आणि कूलर एकाच खोलीत एकदम लावू नका. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता खेचली जाते, तीच वाफ एसीच्या कॉइलवर पुन्हा पाणी होताना तितकीच उष्णता परत देते. एकानं घातलेलं दुसऱ्यानं काढायचं, बिल तुमच्या नावावर. पाण्याचाही विचार करा. मोठा कूलर तासाला कित्येक लिटर पितो, आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं. बोअरच्या जड पाण्यानं पॅडवर क्षार बसतो, म्हणून टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करून भरा. नुसती वरून भरत राहिलात तर उरलेल्या पाण्यात क्षार दाट होत जातो.

मे महिन्यात एक फोन हमखास येतो. "मालक, पाइपातनं पाणीच पडंना झालंय, गॅस संपलाय बघा." संपलेला नसतो. हवेतच पाणी नाही, तर पाइपातून पडणार कुठून? थर्मामीटर घ्या. एसीत जाणाऱ्या हवेचा आणि जाळीतून बाहेर येणाऱ्या हवेचा पारा मोजा. फरक ८ ते १२ अंश असेल तर मशीन ठीक आहे, मेकॅनिकला बोलावू नका.

दरवर्षी गॅस का भरायचा नाही

इथे जरा थांबतो, कारण गिऱ्हाइकाचे सर्वात जास्त पैसे इथेच जातात. गॅस हे पेट्रोल नाही, वापरून जळून संपत नाही, झिजत नाही. बंद नळीत तोच वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग. आतल्या पाइपवर बर्फ दिसला म्हणजेही गॅस कमी असेलच असं नाही. आधी फिल्टर काढून बघा. धुळीनं चोंदलेला फिल्टर असला तरी तसाच बर्फ धरतो.

गळती बहुतेक वेळा फ्लेअरच्या जोडावर असते, जिथे तांब्याच्या नळीचं तोंड कर्ण्यासारखं उमलवून नट आवळलेला असतो. नळी कापल्यावर आतली किनार रीमरनं साफ केली नाही की उमलवताना त्या तोंडाला केसाएवढी चीर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. नायट्रोजनचा दाब भरून जोडावर साबणाचा फेस लावला की मिनिटा-दोन मिनिटांनी एक बारीकसा बुडबुडा फुगायला लागतो, हळू, जागचा न हलता. तोच तुमचा चोर. नट आणखी आवळून तो जात नाही, तोंड कापून नवं उमलवावं लागतं. दाब नायट्रोजनचाच भरायचा. ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी आहे म्हणून तो कुणी जोडत असेल तर त्याला तिथेच थांबवा, आतल्या तेलाशी ऑक्सिजनची गाठ पडली तर स्फोट होतो.

मग व्हॅक्यूम पंप. मेकॅनिककडे पंप आहे का आणि व्हॅक्यूम गेज आहे का, हे पहिल्या फोनवर विचारा. गेजवर ५०० मायक्रॉनपर्यंत (हे आत उरलेल्या दाबाचं माप) खाली आणून, पंप बंद करून, काटा तिथेच टिकतो का बघायचं. वर चढला तर आत ओल आहे किंवा गळती. थोडा गॅस सोडून हवा बाहेर हाकलतो, पंपाची गरज नाही, असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. नव्या मशीनमध्ये आर-३२ नावाचा गॅस असतो, तो थोडा ज्वलनशील आहे. आर-२९० म्हणजे तर चक्क प्रोपेन. आत गॅस असताना नळी जोडायचा ज्योतीचा टॉर्च लावायचा नाही. आर-३२ चा दाब जुन्या आर-२२ च्या जवळपास दीडपट-दुप्पट असतो, त्यामुळे जुने होज आणि जुने गेज त्याला चालत नाहीत. गॅस वजनकाट्यावर भरायचा, पेटीवर ग्रॅम लिहिलेले असतात.

विजेचं थोडक्यात. दीड टनाला वेगळी लाइन, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (भार वाढला की लाइन तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्डावर एसी नको.

लूमच्या शेडमध्ये उलटं काम

टॉवेलवाले अण्णा बोलावतात तेव्हा सांगतात, "गार करायचं नाही ओ, ताणा तुटतोय." ताणा म्हणजे मागावरचे उभे धागे. कापसाचं सूत ओल धरलं की मजबूत होतं. कोरड्या हवेत सुतावरची खळ (पेज) कडक होऊन तडकते, तूस उडते, धागे एकमेकांना चिकटतात. विणकामाला सुती मालासाठी ७५ ते ८० टक्के ओल लागते, आणि एप्रिलमध्ये बाहेर वीस असते. एवढी दरी गोणपाट भिजवून आणि फरशीवर पाणी मारून भरत नाही. कोपऱ्यात ओल, मधे कोरडं, आणि बेअरिंगला गंज.

खरा उपाय एअर वॉशर. मोठा पंखा हवा ओढतो, ती फवाऱ्यातून जाते, पुढच्या वळणदार पत्र्यांवर थेंब अडतात, आणि धुतलेली, ओलीचिंब, पण थेंब नसलेली हवा डक्टमधून शेडमध्ये जाते. आता महत्त्वाचा आकडा. २४ अंशांची पूर्ण ओली हवा शेडमध्ये येऊन २९ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ७५ टक्क्यांवर येते. त्याहून जास्त तापली की गेली. म्हणजे हवेला फक्त ५ अंश तापायची मुभा. त्यातून पंख्याचं माप निघतं. २४ लूम, प्रत्येकी १ एचपीची मोटर पूर्ण भारावर, म्हणजे किमान १८ किलोवॅट उष्णता. ती ५ अंशांच्या फरकावर उचलायला सेकंदाला ३ घनमीटर हवा लागते, सुमारे ६,३०० सीएफएम (मिनिटाला घनफूट). पत्र्याच्या छताची उष्णता यात धरलेली नाही, आणि तिच्या प्रत्येक किलोवॅटमागे आणखी ३५० सीएफएम वाढतात. म्हणून मी अण्णांना पंखा मोठा घेण्याआधी पत्र्याखाली इन्सुलेशन घालायला सांगतो. पंखा रोज वीज खातो, इन्सुलेशनचा खर्च एकदाच.

छताला बारीक फॉगिंग नोझल लावणं स्वस्त पडतं, पण बोअरचं पाणी त्यात चालत नाही. थेंब हवेत वाळतो आणि त्यातला क्षार पांढरी भुकटी होऊन जेकार्डवर (नक्षी विणणाऱ्या यंत्रावर), चादरीवर, कामगाराच्या छातीत बसतो. आरओचं पाणी घ्या. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १५ मध्येही हेच होतं. हवेत ओल वाढवायला वापरायचं पाणी सार्वजनिक पुरवठ्याचं किंवा पिण्याच्या स्रोताचं हवं, नाहीतर नीट शुद्ध केलेलं हवं.

मोजायला ओला-कोरडा थर्मामीटर शेडच्या मधोमध, छातीच्या उंचीवर टांगा. दाराजवळ नको. कोरडा ३२ आणि ओला २८ म्हणजे ओल ७४ टक्के. फडकं स्वच्छ आणि डिस्टिल्ड पाण्यात. ते क्षारानं कडक झालं की पारा चढता दाखवतो आणि आकडा खोटा येतो. ओला पारा तीसकडे सरकायला लागला की माणसाचा घाम वाळत नाही. सूत खूश असतं आणि विणकर थकलेला असतो, तेव्हा नोझल बंद करून वारा वाढवा.

डाळिंब, ऑपरेशन थिएटर, मंगल कार्यालय

डाळिंबाला तिसरीच मागणी. ५ अंशांच्या जवळ ठेवायचं, त्याच्या फार खाली गेलं की साल आणि दाणे आतून तपकिरी पडतात. ओल ९० ते ९५ टक्के पाहिजे. इथे गोम अशी की कॉइल जितकी खोलीपेक्षा गार तितकं ती हवेतलं पाणी ओढते, आणि ते पाणी शेवटी फळाच्या सालीतून येतं. साल कातड्यासारखी होते, वजन घटतं, आणि शेतकरी किलोवर विकतो. म्हणून कॉइल मोठी घ्यायची आणि तिचं तापमान खोलीपेक्षा ४-५ अंशच खाली राहील असं बघायचं. कोटेशनमध्ये कॉइल लहान करून भाव पाडणारे असतात, त्यांना हा फरक किती धरला ते लेखी विचारा. द्राक्षाचं कोल्ड स्टोरेज वेगळं, ते शून्याच्या आसपास. दोन्ही माल एका खोलीत ठेवू नका. मोठ्या स्टोरेजला अमोनिया स्वस्त आणि ताकदवान, पण विषारी. तांब्याला तो खातो, म्हणून सगळी पाइपिंग लोखंडी. डिटेक्टर आणि मास्क दाराच्या बाहेर टांगलेले पाहिजेत, आत नव्हे.

ऑपरेशन थिएटरला स्प्लिट एसी लावू नये, तो तीच हवा फिरवत राहतो. तिथे हेपा (अतिबारीक कण अडवणारा) फिल्टर, ताशी किमान २० वेळा हवा बदलणं, त्यातली काही बाहेरची ताजी, आणि शेजारच्या खोलीपेक्षा आत दाब जास्त, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेरच जाईल. हे काम घरगुती मेकॅनिकचं नाही, मीही ते घेत नाही.

मंगल कार्यालयवाले हॉलचे चौरस फूट सांगतात. मी पंगतीला किती, ते विचारतो. ५०० माणसं बसली की नुसत्या माणसांचीच ५८ किलोवॅट उष्णता होते, म्हणजे साडेसोळा टन, दिवे, छत आणि सारखं उघडणारं दार सोडून. शिवाय श्वासासाठी बाहेरची ताजी हवा आत घ्यावी लागते, आणि ती मे महिन्यात ४२ अंशांची असते. ती आधी एअर वॉशरमधून किंवा ओल्या पॅडवरून आणून चिल्लरचं ओझं उतरत नाही, पारा उतरतो पण घातलेली वाफ चिल्लरलाच काढावी लागते.  कोटेशन घेताना ताज्या हवेचा आकडा वेगळ्या ओळीत लिहून घ्या.